तीर्थासारखं वाटलेलं औषध: म्युकरच्या इंजेक्शनचं एक प्रकरण

मे-जून २०२१ मधली महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याची ही हकीकत आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून जिल्ह्याचं, रुग्णालयांचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे, रुग्णांचे तपशील आणि स्थानिक आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. या वाटप समितीत यादी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) विभागातला, म्हणजे रुग्णाला फारसा हात न लावता रुग्ण मोजणारा डॉक्टर. त्यामुळे चूक कुठे झाली हे सांगताना बोट बऱ्याचदा माझ्याकडेच वळतं.

पार्श्वभूमी

दुसरी लाट ओसरायला लागली आणि कान-नाक-घशाच्या ओपीडीत वेगळेच रुग्ण दिसू लागले. कोविडमधून उठून घरी गेलेले, साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेले. गाल बधिर झालाय, नाकातून काळपट पाणी येतंय, वरचे दात हलताहेत, एका डोळ्याची पापणी उघडत नाही. म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आम्ही पुस्तकात वाचला होता. वर्षाला एखादा रुग्ण दिसला तर विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचो. आता वॉर्डच्या वॉर्ड भरले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात केंद्रानं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं.

यावर उपचार दोन, आणि दोन्ही एकदमच लागतात. मेलेला भाग शस्त्रक्रियेनं काढून टाकायचा आणि अँफोटेरिसिन-बी हे बुरशी मारणारं इंजेक्शन द्यायचं. अँफोटेरिसिनचे दोन प्रकार आहेत. लायपोसोमल हा महाग प्रकार, पण मूत्रपिंडाला त्याचा त्रास कमी. साधा प्रकार स्वस्त, पण तो देताना रुग्ण थंडीनं थडथड उडतो, पोटॅशियम खाली जातं, क्रिएटिनिन वर जातं, म्हणजे मूत्रपिंड बिघडायला लागतं. लायपोसोमलचा डोस दर किलो वजनाला दिवसाला ५ मिलिग्रॅम. व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, ५० मिलिग्रॅमची. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६ व्हायल, आणि तीन आठवड्यांचा कोर्स धरला तर १२६.

हा हिशेब डोक्यात ठेवून पुढचे आकडे बघा. २२ मे रोजी केंद्रानं देशातल्या सुमारे ८,८४८ रुग्णांसाठी २३,६८० जादा व्हायल राज्यांना वाटून दिल्या. महाराष्ट्राचे रुग्ण २,००० धरले होते आणि वाट्याला आल्या ५,०९० व्हायल. माणशी अडीच. एका दिवसाचा अर्धा डोससुद्धा नाही.

राज्याकडून साठा जिल्ह्याला यायचा. जिल्ह्यात निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यात जिल्हा शल्यचिकित्सक, महाविद्यालयाच्या ईएनटी विभागप्रमुख मॅडम, एक फिजिशियन, अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक आणि यादीवाला मी. रुग्णालयांनी दुपारी चारपर्यंत ईमेलनं मागणी पाठवायची, संध्याकाळी आम्ही बसायचं, रात्री वाटपाचं पत्र निघायचं, सकाळी रुग्णालयाचा माणूस स्टॉकिस्टकडून औषध उचलायचा. कोविडवरच्या रेमडेसिविर इंजेक्शनच्या वाटपाची घडी तयार होतीच. त्याच घडीत हे औषध बसवलं, आणि तिथेच पहिली गफलत झाली.

पेच

पहिले पाच दिवस आम्ही आलेला साठा रुग्णालयांना रुग्णसंख्येच्या प्रमाणात वाटला. एका संध्याकाळचं उदाहरण देतो. साठा ६०, यादीत ४१ रुग्ण, रोजची खरी गरज सुमारे २४०. प्रत्येक रुग्णामागे एक-दीड व्हायल गेली. तक्रार कोणाचीच आली नाही, कारण प्रत्येकाला काहीतरी मिळालं होतं. पत्रावर सही करताना मलाही बरं वाटलं होतं.

पाचव्या दिवशी ईएनटीच्या मॅडम शस्त्रक्रिया आटोपून, टोपीचा वळ कपाळावर तसाच घेऊन बैठकीला आल्या. म्हणाल्या, "हे औषध देणं नाही, तीर्थ वाटणं आहे. पळीभर प्रत्येकाच्या हातावर. तीर्थानं पुण्य लागत असेल, बुरशी मरत नाही."

त्यांचं म्हणणं सोपं होतं. रेशनचं धान्य अर्धं दिलं तर माणूस अर्धपोटी का होईना, जगतो. या औषधाचं तसं नाही. रोज ५० मिलिग्रॅम दिलेल्या ४१ रुग्णांपैकी एकालाही उपचार मिळाला असं म्हणता येत नाही. आम्ही ६० व्हायल ४१ जणांत वाटल्या नव्हत्या, वाया घालवल्या होत्या.

रेमडेसिविरची घडी इथे का चालली नाही, ते तेव्हा लक्षात आलं. तिथे एका रुग्णाचा कोर्स ६ व्हायलचा असायचा, आज दोन आणि उद्या एक असं करून तो पुरा व्हायचा. इथे तेवढ्या व्हायल एका दिवसात लागत होत्या, आणि एकदा सुरू केलं की आठवडेच्या आठवडे रोज लागणार होत्या.

समोरचे पर्याय

त्या रात्री बैठक साडेअकरापर्यंत चालली. कोणते पर्याय निघाले आणि ते का मागे पडले, ते जरा सविस्तर सांगतो, कारण कागदावर फक्त निर्णय राहिला.

आहे तेच चालू ठेवावं, असं निवासी उपजिल्हाधिकारी साहेबांना मनातून वाटत होतं. समान वाटप कोणालाही समजावून सांगता येतं. 'याला दिलं आणि त्याला नाही' हे एकदा लिहिलं की त्याचं उत्तर द्यावं लागतं. त्यांची अडचण खोटी नव्हती. फोन त्यांनाच येत होते.

जो आधी नोंदला त्याला आधी, हा दुसरा पर्याय. ऐकायला निष्पक्ष. पण आधी नोंदला जातो कोण? ज्याचं एमआरआय त्याच दिवशी होतं, ज्याच्या रुग्णालयात ईमेल करायला माणूस आहे, तो.

सर्वात गंभीर रुग्णाला आधी, असं फिजिशियनचं मत. इथे त्यांची आणि मॅडमची चांगलीच जुंपली. बुरशी मेंदूपर्यंत पोचलेल्याला औषधाची गरज सगळ्यात जास्त, आणि वाचण्याची शक्यता सगळ्यात कमी. फिजिशियन म्हणत होते, मरणाच्या दारात आहे त्याच्याकडे पाठ कशी फिरवायची? मॅडम म्हणत होत्या, त्याच्यासाठी दिवसाला १२ व्हायल लागू शकतात. तेवढ्यात सायनसपुरता आजार असलेले दोन जण बरे होऊन घरी जातील, आणि नाही दिलं तर आठवड्यात तेही मेंदूपर्यंत पोचतील. मग गंभीर होईपर्यंत त्यांनी थांबायचं का? दोघांचंही बरोबर होतं. अशा वेळी आवाज चढतात, तसे चढले.

वय हा निकष काही दिवसांनी आला. दिल्ली उच्च न्यायालयानं १ जूनला याच औषधाबद्दल केंद्राला प्राधान्याचं धोरण ठरवायला सांगितलं आणि सगळ्यांना पुरत नसेल तर तरुणांचा विचार आधी व्हावा, असं मत मांडलं. दुसऱ्या दिवशी औषध निरीक्षकांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. आम्ही वय एकटं निकष म्हणून घेतलं नाही. एक कारण असं की मधुमेह आणि मूत्रपिंडाची अवस्था तपासली की वयाचा वैद्यकीय भाग त्यात येऊनच जातो. वर पुन्हा वय लावलं तर तेच दोनदा मोजल्यासारखं होतं. मला हे आजही पटतं, पण ३० वर्षांच्या रुग्णाच्या आईला ते पटलं असतं असा माझा दावा नाही.

व्यवसायाचा रकाना मी स्वतः यादीतून काढला. मागण्यांमध्ये 'शिक्षक', 'आशा कार्यकर्ती', 'अमुक यांचे बंधू' असे उल्लेख यायचे. १९६२ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये डायलिसिसची यंत्रं मोजकी असताना सात जणांची एक समिती रुग्ण निवडायची. त्यात नोकरी, मिळकत, पोरंबाळं, चर्चला जाणं-येणंसुद्धा बघितलं जायचं. वर्गात ते मी दरवर्षी शिकवतो आणि विद्यार्थी हसतात. आपल्या यादीत 'अमुक यांचे बंधू' वाचताना हसू आलं नाही. आशाताईंबद्दल मात्र मन अडखळलं होतं. ज्या घरोघर फिरून आजारी पडल्या त्यांना आधी द्यावं, याला तर्क आहे. पण ते दार एकदा उघडलं असतं तर त्यातून कोण कोण आत आलं असतं, याची भीती जास्त वाटली.

काय ठरलं

तीन गट पाडले. ज्याचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे, किंवा साध्या औषधावर वाढलं, किंवा डोळ्याच्या मागे वा मेंदूच्या कडेला आजार पोचला आहे पण शस्त्रक्रिया झाली आहे, त्याला लायपोसोमल, पूर्ण डोसमध्ये. ज्याचं मूत्रपिंड चांगलं आहे त्याला साधं अँफोटेरिसिन, आधी सलाइन आणि रोज रक्त तपासून. शस्त्रक्रिया नीट झालेली आणि आजार आटोक्यात आलेला असेल त्याला पोसाकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या. आणि चौथी ओळ: एकदा लायपोसोमल सुरू केलेल्याचं औषध नव्या रुग्णासाठी तोडायचं नाही.

या चौथ्या ओळीमुळे राखीव साठा ठेवावा लागला. उद्या किती येणार हे कोणालाच माहीत नसायचं, म्हणून सुरू असलेल्या रुग्णांचा एक दिवसाचा डोस महाविद्यालयाच्या फ्रिजमध्ये बाजूला ठेवायचा. निवासी उपजिल्हाधिकारी साहेब यावर भडकले. "फ्रिजमध्ये औषध आणि बाहेर पेशंट, हे मी कोणाला तोंड वर करून सांगू?" मॅडमनी शांतपणे विचारलं, "उद्या गाडी आली नाही तर वॉर्डात कोण सांगायला येईल, तुम्ही?" राखीव साठा राहिला, पण इतिवृत्तात त्याचा उल्लेख 'तांत्रिक शिल्लक' असा झाला.

दोन रुग्ण अगदी एका पातळीवर आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात, असं मी सुचवलं होतं. "सरकारी फाइलवर चिठ्ठी टाकून ठरवलं असं लिहू?" हा प्रश्न आला आणि विषय संपला. त्याऐवजी 'नोंदणीची वेळ' धरायचं ठरलं. म्हणजे तासाभरापूर्वी पुढच्या दारानं घालवलेला 'आधी नोंदला त्याला आधी' हा नियम मागच्या दारानं परत आला, आणि त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. यादीत सांकेतिक क्रमांक, वजन, क्रिएटिनिन, आजाराचा पसारा आणि शस्त्रक्रियेची तारीख एवढंच ठेवलं. फोन करणाऱ्यांना साहेब सांगू लागले, "आमच्याकडे नावंच नाहीत." फोन थांबले नाहीत, पण त्यांचा उपयोग बराच कमी झाला.

व्हेंटिलेटरवर, बेशुद्ध, मेंदूत खोल आजार असलेल्यांचं काय, याचा निर्णय आम्ही घेतला नाही. 'उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या विवेकावर' असं लिहिलं. सगळ्यात अवघड प्रश्न सहा वरिष्ठांनी एका ओळीत वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरच्या अंगावर ढकलला. रात्री दोन वाजता नातेवाइकांसमोर उभी राहणारी ती पोरगी पंचवीस-सव्वीस वर्षांची होती. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

पुढे काय झालं

आठवड्याभरात पूर्ण डोस मिळणारे रुग्ण दिसायला लागले आणि वॉर्डात नेमकं काय चाललंय ते डॉक्टरांना कळू लागलं. आधी सगळेच अर्धवट डोसवर होते, त्यामुळे औषध लागू पडत नाही की पुरत नाही, हेच समजत नव्हतं.

पण निकषांचा रोख कुठे आहे तेही हळूहळू उघडं पडलं. पन्नाशीतली एक शेतमजूर बाई. कोविडमध्ये पहिल्यांदाच कळलं की साखर आहे. घरी आल्यावर दाढ दुखायला लागली, तालुक्याच्या गावी दाढ काढली, जखम भरेना. टाळू काळी पडल्यावर ग्रामीण रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरांनी ओळखलं, त्याच दिवशी मागणी पाठवली. आमच्या नमुन्यात 'बायोप्सी अहवाल' हा रकाना भरल्याशिवाय नाव यादीत चढत नव्हतं. हा रकाना मीच टाकला होता, खोट्या मागण्या गाळण्यासाठी. बायोप्सी जिल्ह्याला, तिथे रांग, अहवाल यायला सहा दिवस. तोवर ती यादीत नव्हती, म्हणजे आमच्या लेखी आजारीच नव्हती. यादीत आली तेव्हा आजार डोळ्यात उतरला होता. ती वाचली, उजवा डोळा काढावा लागला.

तिच्यानंतर नमुना बदलला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नमुना टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की बुरशीचे धागे थोड्याच वेळात दिसतात. तेवढ्यावर तात्पुरती नोंद घ्यायची आणि बायोप्सी मागाहून. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. त्यासाठी फक्त ग्रामीण रुग्णालयातल्या एका माणसाला समितीत बोलवायला हवं होतं. सहाही जण जिल्ह्याच्या ठिकाणचे होतो.

दुसरी गोष्ट साध्या अँफोटेरिसिनची. नियम असा की रोज क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. महाविद्यालयात अहवाल दोन तासांत यायचा, लहान रुग्णालयांत दुसऱ्या दिवशी. तोवर पुढचा डोस गेलेला असायचा. मूत्रपिंड बिघडून लायपोसोमलच्या गटात आलेले बहुतेक रुग्ण अशाच ठिकाणचे निघाले. कागदावर 'मूत्रपिंड चांगलं म्हणून साधं औषध' हा निकष सगळ्यांना सारखा होता. प्रत्यक्षात जिथे लॅब धड नाही, तिथल्या माणसानं औषध वाचवण्याची किंमत आपल्या मूत्रपिंडानं मोजली.

पैशाचा भाग थोडक्यात. सरकारी रुग्णालयात औषध फुकट होतं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही या आजारावर उपचार मिळत होते. पण योजनेत नसलेल्या खासगी रुग्णालयात दाखल झालेल्याला मंजूर झालेल्या व्हायल पैसे भरून उचलाव्या लागायच्या. एका व्हायलचे काही हजार. मंजुरीचं पत्र हातात आणि पैसे नाहीत म्हणून व्हायल स्टॉकिस्टकडे पडून, असं काही वेळा झालं. न उचललेला साठा औषध निरीक्षक रोज सकाळी अकरा वाजता दुसरीकडे वळवायचे. कोणाचा साठा का उचलला गेला नाही, याची नोंद मात्र आम्ही ठेवली नाही.

जूनच्या मध्याला पुरवठा सुधारला. वर्ध्यातल्या एका कंपनीनंही उत्पादन सुरू केलं होतं. १२ जूनला जीएसटी परिषदेनं या औषधावरचा कर शून्य केला. बैठका रोजच्या एक दिवसाआड झाल्या, मग नुसत्या फोनवर. समिती कधी बरखास्त झाली याचं पत्र मी पाहिलेलं नाही.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या संध्याकाळी साठा मोजण्याआधी 'किती दिलं तर उपचार म्हणता येईल' हे विचारीन. वाटपाचं एकक व्हायल नव्हे, पूर्ण डोसचा दिवस. हा एक प्रश्न विचारला असता तर पाच दिवस वाचले असते. कोणत्या रुग्णांचे, ते सांगता येत नाही.

निकष जाहीर करीन. आम्ही ते फाइलमध्ये ठेवले, गोंधळ होईल म्हणून. नातेवाइकांना नियम माहीत नव्हता, त्यामुळे मिळालं तर ओळखीनं मिळालं आणि नाही मिळालं तर ओळख नसल्यानं, असाच त्यांचा समज झाला. रुग्णालयाच्या दारावर एक पानभर मराठीत लावलं असतं तर राग कमी झाला नसता, पण तो नियमावर निघाला असता आणि नियम बदलता आला असता. त्याच पानावर दाद मागायला एक फोन नंबरही हवा. त्या शेतमजूर बाईच्या डॉक्टरांनी मला सहा दिवसांत दोनदा ईमेल केला होता. तो मागण्यांच्या ढिगात गेला, कारण तक्रार वेगळी आणि मागणी वेगळी असं खातंच आमच्याकडे नव्हतं.

बरोबरीच्या रुग्णांसाठी चिठ्ठ्यांचा आग्रह धरीन. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. म्हाडाच्या घरांची सोडत लोक मान्य करतात, कारण ती सगळ्यांसमोर निघते.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांबद्दल काय ठरवीन, हे मला अजून सांगता येत नाही. ते समितीनं, सहीनिशी ठरवायचं आणि रेसिडेंटच्या हातात तो कागद द्यायचा, एवढं सांगता येतं. आणि शस्त्रक्रियागृहं मोजीन. औषधाच्या व्हायल आम्ही एकेक करून मोजल्या, पण तीन आठवड्यांत ईएनटीची किती टेबलं रोज चालू होती हे एकदाही विचारलं नाही. शस्त्रक्रिया लांबलेला रुग्ण आमच्या निकषात मागे पडत होता, आणि ती लांबली होती टेबल रिकामं नव्हतं म्हणून.

ऑगस्टमध्ये फ्रिज साफ करताना राखीव साठ्यातल्या ११ व्हायल निघाल्या. त्या कोणाच्या नावावर दाखवायच्या यावर औषध निरीक्षक आणि मी अर्धा तास बोललो. शेवटी 'तांत्रिक शिल्लक' म्हणूनच त्या महाविद्यालयाच्या औषध भांडारात जमा केल्या.